मापात पाप

आमच्या सासूबाई दोन वर्षं एकच तक्रार करत होत्या. "अगं, या टीव्हीत सगळ्यांचे चेहरे निळे दिसतात. नीळ घालून वाळत टाकल्यासारखी माणसं!"

२०२१ च्या दसऱ्याला आम्ही भाईंदरच्याच एका दुकानातून ४३ इंची टीव्ही आणला होता. खोक्यावर फोर-के, एचडीआर, शंभर कोटी रंग, सगळं मोठ्या अक्षरांत छापलेलं. एवढ्या चांगल्या टीव्हीत चेहरे निळे कसे दिसतील? दोष त्यांच्या डोळ्यांचा, असं आम्ही ठरवूनच टाकलं. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं. डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले की मोतीबिंदू काढल्यावर निळा रंग जास्त जाणवतो, सवय होईल. त्यांचं काही चुकलं नाही, तसं होतंच. मग मीही त्यांना तेच ऐकवत राहिले, "अहो आई, होईल सवय." हळूहळू त्यांनी तक्रार करणं सोडलं. मग संध्याकाळी हॉलमध्ये येऊन बसणंही सोडलं.

२०२३ च्या भाऊबीजेला माझा भाऊ आणि भाचा आले. भाच्याने रिमोट घेतला, मेनूत कुठे कुठे फिरला आणि म्हणाला, "आत्या, तुमचा टीव्ही अजून दुकानाच्याच मोडवर आहे." त्याने सिनेमा मोड लावला. पहिल्यांदा चित्र पिवळट, मंद वाटलं. दहा मिनिटांनी डोळे सरावले आणि पडद्यावरच्या बाईचा रंग बाईसारखा दिसायला लागला. सासूबाईंना बाहेर बोलावलं. त्या थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "आता कसं माणसांसारखे दिसतात."

पुढच्या मार्चमध्ये त्या गेल्या. म्हणजे आमच्या घरातल्या टीव्हीवर त्यांनी चार महिने धड चित्र बघितलं आणि दोन वर्षं आम्ही त्यांना खोटं ठरवलं.

मी बी.कॉम. आहे. किराण्याच्या बिलातली बेरीज मी आजही तोंडी ताडून बघते. पण छापील खोक्यावर माझा विश्वास बसला आणि घरातल्या माणसाच्या डोळ्यांवर बसला नाही. ही माझी चूक, ती मी कबूल करते. पण खोक्याचीही काही चूक आहे की नाही? आजचा लेख त्याबद्दल आहे, आणि तो थोडा रागाने लिहिला आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आजोबांचं माप

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. आजोबांचं धान्याचं दुकान होतं. शेर, मापटं, पायली जाऊन किलो आले, तरी एक गोष्ट बदलली नाही. वजनमापाचे इन्स्पेक्टर यायचे, वजनं तपासायचे, त्यावर शिक्का मारायचे. बिनशिक्क्याचं वजन आजोबा दुकानात ठेवत नसत. ते म्हणायचे, भाव आपला, माप सरकारचं. भाव दोन पैसे जास्त लावला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल, पण माप मारलं तर त्याला कळणारसुद्धा नाही, म्हणून ते पाप मोठं.

पुढे तत्त्वार्थसूत्राच्या स्वाध्यायात मला हेच सापडलं. उमास्वामींनी सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातले शेवटचे दोन बघा. हीनाधिकमानोन्मान, म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त भरेल असं माप ठेवणं. प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे एक दाखवून त्याच्यासारखं दिसणारं दुसरंच गळ्यात मारणं. गंमत अशी की हे दोन्ही दोष खोटं बोलण्याखाली येत नाहीत, चोरीखाली येतात. टीव्हीच्या जाहिरातीत शब्दशः खोटं फार थोडं असतं. वकिलाला विचाराल तर तो प्रत्येक अक्षराचं समर्थन करून दाखवेल. पण माप मारलेलं असतं, आणि आपल्या भाषेत त्याला मापात पाप म्हणतात.

जिथे कायद्याचा शिक्का आहे तिथे बघा

घरातल्या टीव्हीचं खोकं माळ्यावर असेल तर काढून बघा. त्यावर नुसतं "४३ इंच" लिहिलेलं नसतं. "१०८ सेंमी (४३ इंच)" असं असतं. आपल्याकडे वैधमापन कायद्याने माप मेट्रिक एककात द्यावं लागतं, म्हणून.

आता वही-पेन्सिल घ्या. एक इंच म्हणजे २.५४ सेंमी. ४३ गुणिले २.५४ बरोबर १०९.२२. पण खोक्यावर १०८ आहे! १०८ सेंमी म्हणजे साडेबेचाळीस इंच. ३२ इंची टीव्हीचंही तसंच. ३२ गुणिले २.५४ म्हणजे ८१.२८, आणि खोक्यावर असतं ८० सेंमी. म्हणजे साडेएकतीस इंच. अर्धा इंच कोणी खाल्ला? कोणीच नाही, असं कंपन्या म्हणतील. ३२ हा आकाराचा "वर्ग" आहे, नेमकं माप सेंमीत दिलंच आहे. ठीक आहे. अर्ध्या इंचासाठी मी भांडणार नाही. क्षेत्रफळात तो फरक जेमतेम तीन टक्क्यांचा आहे.

पण धडा घ्या. जो आकडा कायद्याने मागितला तो खरा छापला गेला आणि जो जाहिरातीसाठी होता तो फुगला. दोन्ही एकाच खोक्यावर, शेजारी शेजारी. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळात तर ट्यूबच्या कडा लाकडी पेटीत लपलेल्या असायच्या आणि माप पूर्ण ट्यूबचं सांगायची सोय होती. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनला १९६६ साली दिसणाऱ्या चित्राच्या आकाराबद्दल दिशाभूल होऊ नये म्हणून वेगळा नियमच करावा लागला. तो २०१८ पर्यंत टिकला. म्हणजे माप मारणं हा या धंद्याचा जुना रोग आहे आणि त्यावरचं औषधही जुनंच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: टीव्हीची लांबी आपण मोजून घेतो, पण आपण टीव्ही लांबीसाठी घेत नाही, चित्रासाठी घेतो. आणि चित्र चांगलं की वाईट हे ज्यावर ठरतं, ते एकही माप खोक्यावर समान पद्धतीने छापलेलं नसतं. त्या जागी नुसती बिरुदं असतात. एकेक घेऊ.

एलईडी, क्यूएलईडी आणि नावांचा घोळ

"एलईडी टीव्ही" म्हणून जे विकतात त्यात चित्र एलईडीचं नसतं. पडदा जुनाच, एलसीडी. त्याच्या मागे आधी बारीक ट्यूबलाइटसारखे दिवे असत, आता एलईडी असतात. दिवा बदलला म्हणून वस्तूचं नाव बदललं. "क्यूएलईडी"ही तेच, मध्ये क्वांटम डॉटचा एक थर घालतात, त्याने रंग खुलतात हे खरं. "मिनी-एलईडी" म्हणजे मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ, त्यांचे गट वेगवेगळे मंद करता येतात, म्हणून काळा रंग बरा दिसतो. हे सगळे एकाच घराण्यातले.

"ओएलईडी" मात्र वेगळं. त्यात मागे दिवा नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळं ते काळंच दिसतं. आता ओएलईडी आणि क्यूएलईडी ही अक्षरं देवनागरीत लिहिली तरी गोंधळ होतो, मग रोमन लिपीत ओ आणि क्यू तर सख्खी भावंडं. किंमत मात्र कितीतरी पट वेगळी. प्रतिरूपक म्हणजे दुसरं काय असतं? दुकानात एकच प्रश्न विचारा: "उजेड मागच्या दिव्याचा आहे की ठिपक्याचा स्वतःचा?" दिव्याचा असेल तर पुढचा प्रश्न, "दिव्यांचे किती गट वेगळे मंद होतात?" पोरगा गोंधळला तर समजा की उत्तर शून्य आहे.

फोर-के

फोर-के पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. फुल एचडीवर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर चौपट. हा आकडा खरा आहे, त्यात मी खोट काढत नाही. पण चौपट ठिपक्यांचा उपयोग किती?

साधारण निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हिशेब केला तर साधारण साडेपाच फुटांच्या पलीकडून हे ठिपके वेगळे दिसतच नाहीत. आपल्या मीरा-भाईंदरच्या वन-बीएचकेतसुद्धा सोफ्यापासून भिंत आठ-नऊ फुटांवर असते! शिवाय केबल किंवा डिशवरून येणारी साधी चॅनेल्स ५७६ ओळींचीच आहेत. उरलेल्या ओळी टीव्ही अंदाजाने भरतो. वाटीभर आमटी पातेलंभर करायची तर पाणीच घालावं लागतं. फोर-के घेऊ नका असं मी म्हणत नाही, आता या आकारात बहुतेक टीव्ही फोर-केच मिळतात. फक्त त्या दोन अक्षरांसाठी पैसे जास्त मोजू नका.

एचडीआर

इथे मी फसले. एचडीआर म्हणजे अतिशय उजळ आणि अतिशय गडद, दोन्ही भागांतला तपशील जपणारं चित्र. असे चित्रपट पुष्कळदा १,००० निट्स उजेड गृहीत धरून तयार करतात. निट हे उजेडाचं माप, एका चौरस मीटरमधून साधारण एका मेणबत्तीएवढा उजेड. खोक्यावरचं एचडीआर एवढंच सांगतं की त्या पद्धतीचं चित्र या टीव्हीला वाचता येतं. दाखवता येतं असं ते म्हणतच नाही. माझ्या टीव्हीचा निट्सचा आकडा खोक्यावर नव्हता. संकेतस्थळावर अगदी तळाशी सापडला: २५०. हजाराच्या मापात पाव भरून दिलं आणि वर चिठ्ठी लावली "हजाराचं माप". आमचा हॉल पश्चिमेला आहे. दुपारी चारनंतर त्या पडद्यावर गडद प्रसंग लागला की आम्हाला आमचीच तोंडं दिसतात.

दहा लाखास एक

उजेड आणि काळोख यांच्या प्रमाणाला कॉन्ट्रास्ट म्हणतात. साध्या एलसीडी पडद्याचं खरं प्रमाण जातीप्रमाणे हजारास एक ते पाच हजारास एकच्या आसपास असतं. पण पत्रकावर "डायनॅमिक कॉन्ट्रास्ट दहा लाखास एक" असं छापतात. कसं? सगळा पडदा पांढरा करून दिवा पूर्ण लावतात आणि मोजतात. मग सगळा पडदा काळा करून दिवा जवळजवळ विझवतात आणि मोजतात. पहिल्याला दुसऱ्याने भागतात. एकाच चित्रात हे दोन्ही कधीच नसतं. हे म्हणजे धनत्रयोदशीची विक्री आणि दुकान बंद असलेल्या दिवसाचा खर्च घेऊन नफ्याचं प्रमाण काढण्यासारखं आहे. माझ्या कॉलेजात असा ताळेबंद कोणी मांडला असता तर प्राध्यापकांनी वही परत फेकली असती.

हर्ट्झ आणि रंग

पडदा सेकंदात किती वेळा चित्र बदलतो ते हर्ट्झमध्ये मोजतात. नेहमीचा पडदा ६० चा असतो. मधे खोटी चित्रं घुसडून किंवा दिवा लुकलुकवून त्यालाच "मोशन १२०", "मोशन २४०" अशी नावं देतात. विचारायचं ते "पॅनेल मुळात किती हर्ट्झचं?" एवढंच. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आपलं प्रक्षेपण २५ चं. मालिका आणि प्रवचनं बघणाऱ्या घराला ६० पुष्कळ झाले. खेळ आणि व्हिडिओ गेम असतील तर खऱ्या १२० चा विचार करा.

शंभर कोटी रंगांचंही असंच. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या १,०२४ छटा; १,०२४ चा घन म्हणजे १०७ कोटी. पण छटांची संख्या म्हणजे रंगांची व्याप्ती नव्हे. एका थानाचे पन्नास तुकडे करा नाहीतर पाचशे, कापड तेवढंच राहतं. कापडाची लांबी कुठे छापली आहे? ती विचारा. चित्रपटाच्या रंगपट्ट्यापैकी, ज्याला डीसीआय-पी३ म्हणतात, किती टक्के रंग हा पडदा दाखवतो?

दुकानातली भिंत

आता मूळ गोष्टीकडे येते. दुकानात वीस टीव्ही एका भिंतीवर, डोक्यावर पांढरे झगझगीत दिवे. अशा भिंतीवर जो सर्वांत उजळ आणि निळसर, तोच "चांगला" वाटतो. लग्नाच्या हॉलमध्ये जी सर्वांत मोठ्याने बोलते तिच्याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं ना, तसं. म्हणून टीव्हीत दुकानासाठी वेगळा मोड असतो आणि पहिल्यांदा चालू करताना "घर की दुकान" असं तो विचारतोही. आमच्याकडे बसवायला आलेल्या माणसाने घाईत काय दाबलं ते त्यालाच माहीत. पडद्यावर फिरत असतात ती पोपट, फळं आणि कारंजी कंपनीनेच निवडलेली. परीक्षा त्यांची, पेपर त्यांचा, तपासणारेही तेच.

१९८० च्या दशकात ओनिडाच्या जाहिरातीत शिंगं आणि शेपटीवाला सैतान यायचा, आठवतंय? शेजाऱ्याला मत्सर वाटेल आणि मालकाला अभिमान, असा त्याचा सांगावा. आम्ही घरात त्यावर नाक मुरडायचो, कारण मान आणि मत्सर विकायला काढणं आम्हाला रुचत नव्हतं. आज वाटतं, तो सैतान निदान उघड बोलत होता. आपण काय विकतो हे त्याने लपवलं नाही. आताच्या जाहिराती मत्सरच विकतात, पण विज्ञानाचा सदरा घालून.

"ग्राहकाला कळत नाही, काकू"

मागच्या ऑक्टोबरमध्ये, २०२५ च्या दिवाळीआधी, आमच्या मजल्यावरच्या एक ताई मला टीव्ही घ्यायला बरोबर घेऊन गेल्या. दुकानात मोठा फलक होता, "खास दिवाळी सूट". मी हिशेब घातला. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. चाळीस हजारांच्या मूळ किमतीवर आधी ५१,२०० होत होते, आता ४७,२००. फलकावरची सूट बरोबर तेवढीच! सरकारने सोडलेला कर दुकानाने आपल्या नावाने वाटला.

मी निट्स विचारले तेव्हा विकणारा मुलगा म्हणाला, "आंटी, ये सब कोई नहीं पूछता." मालक मराठी होते, ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "काकू, ग्राहकाला हे आकडे कळत नाहीत. खोक्यावर छापून काय उपयोग?"

हा मुद्दा मला प्रामाणिकपणे तपासायचा आहे, कारण तो अनेक जण मांडतात. सोन्याच्या ९१६ चा अर्थ आपल्या आयांना कुठे माहीत होता? हॉलमार्क आला, तो सक्तीचा झाला, आज कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा कानातलं उलटं करून शिक्का बघतात. हजारात ९१६ भाग सोनं, हे त्यांना कोणी शाळेत शिकवलं नाही. बीईईच्या ताऱ्यांचं लेबल आलं तेव्हाही असंच म्हणत होते. आता वर्षाला किती युनिट, ते बघूनच फ्रिज घेतो आपण. आकडा आधी छापावा लागतो, मग तो कळायला लागतो. युरोपात १ मार्च २०२१ पासून टीव्हीच्या वीज-लेबलवर साध्या चित्राला लागणारी वीज वेगळी आणि एचडीआर चित्राला लागणारी वेगळी छापतात. तिथले ग्राहक काही आईच्या पोटातून शिकून येत नाहीत.

दुसरा मुद्दा जास्त रास्त आहे: स्वस्त टीव्हीत सगळं कसं मिळेल? बरोबर, नाही मिळणार. मी अडीचशे निट्सच्या टीव्हीला नावं ठेवत नाही. संध्याकाळी पडदे ओढून बघणाऱ्या घराला तो चालतो. अर्धा किलो तांदूळ घेणं यात कमीपणा काही नाही. अर्धा किलोच्या पिशवीवर एक किलो छापलं तर भांडण आहे. विकणाऱ्या पोराशीही माझं भांडण नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे, तो त्याला पढवलेलंच बोलतो.

मग मागणी काय? टीव्हीला बीआयएसची नोंदणी लागते, पण ती विजेच्या आणि आगीच्या सुरक्षिततेसाठी. चित्रासाठी पाच आकडे, सगळ्या कंपन्यांना एकाच पद्धतीने मोजून, सेंमीच्या शेजारीच छापायला लावावेत: मूळ हर्ट्झ, निट्स, मूळ कॉन्ट्रास्ट, मागचे दिवे किती गटांत मंद होतात, आणि रंगपट्ट्याचे टक्के. पाच ओळी. खोक्यावर एवढ्या बिरुदांना जागा आहे, पाच ओळींना का नसावी?

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते वापरू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात हा दोष आहे. केंद्रीय प्राधिकरण त्यासाठी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात, स्पष्ट दिसेल अशी हवी. मोठ्या अक्षरात दावा आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात "अटी लागू" हे चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्याने भागलं नाही तर आपल्याला ठाण्याचा जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. म्हणून बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि खोक्याचा फोटो काढून ठेवा. मी २०२१ मध्ये यातलं काहीच केलं नव्हतं.

आम्ही कसा निवडला

त्या दिवशी मी पर्समध्ये पेनड्राइव्ह नेला होता. त्यावर २०१८ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला मी मोबाइलवर घेतलेलं महामस्तकाभिषेकाचं चित्रण होतं. करड्या दगडावरून दूध उतरतं, मग हळद, मग चंदन. आणि शेवटी संध्याकाळच्या अंधारात विंध्यगिरीच्या पायऱ्या उतरणारी माणसं. ते रंग मी माझ्या डोळ्यांनी बघितलेले आहेत, त्यामुळे तिथे मला कोणी शिकवू शकत नाही. तुम्ही घरच्या लग्नाचं घ्या, नातवाच्या बारशाचं घ्या. अट एकच, जे दाखवलं आहे ते तुम्ही समोरून बघितलेलं हवं.

मुलगा आधी तयार होईना. मालकांनी लावायला सांगितलं. ४६ हजारांच्या टीव्हीवर दूध निळसर आणि हळद लिंबासारखी. मी म्हटलं, सिनेमा मोड लावा, चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. मग दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी एकाच मोडवर लावले. ३४ हजारांच्या टीव्हीवर पायऱ्यांवरची माणसं अंधारातही वेगळी दिसत होती, महागाच्या पडद्यावर त्यांचा एकच काळा ठिपका झाला होता. ताई बाजूला सरकल्या, खुर्चीवर बसून बघितलं, उभ्या राहून बघितलं. रंग फार उडाले नाहीत. त्यांनी ३४ चा घेतला. घरी बसवताना "घर" हा पर्याय मी स्वतः दाबला.

मालक निघताना हसत म्हणाले, "काकू, तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं रोज आली तर माझं दुकान बंद होईल." मी म्हटलं, "नाही हो, माझ्या आजोबांचं चाललं की चाळीस वर्षं."

मैत्रिणींनो, नवीन टीव्ही घ्यायचा नसेल तरी आज एक काम करा. मेनूत जाऊन चित्राचा मोड बघा. "व्हिविड", "डायनॅमिक" किंवा "स्टोअर" असं काही असेल तर "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" करा आणि दहा मिनिटं थांबा. मग घरातलं जे सर्वांत वयस्कर माणूस टीव्हीसमोर बसतं, त्यांना विचारा, "चेहरे कसे दिसतात?" आणि ते जे सांगतील ते खरं माना.

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. यंदा ज्यांची मागायची होती त्या नाहीत. आमच्या सासूबाईंचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते.